हरित रसायनशास्त्र आणि पर्यावरणीय जैवतंत्रज्ञान: ठाणे-बेलापूर पट्ट्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीपासून नेरूळपर्यंत आणि पलीकडे तळोज्यापर्यंत राहणाऱ्यांची रसायनशास्त्राशी ओळख बहुतेक वेळा नाकातून होते. मी याच पट्ट्यात, औषधांच्या कच्च्या मालाच्या प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये नोकरी करतो. त्यामुळे सोसायटीची मीटिंग असो, शाळेचं विज्ञान प्रदर्शन असो की कॉलेजातलं भाषण, लोक पाच मिनिटांत मुद्द्यावर येतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हरित रसायनशास्त्र म्हणजे झाडपाल्यापासून बनवलेली रसायनं का?

कच्चा माल झाडातून आला की खनिज तेलातून, हा त्यातला एक छोटा भाग झाला. मुख्य विचार असा, की घाण तयार झाल्यावर ती उपसत बसण्यापेक्षा रसायन बनवण्याची वाटच अशी निवडायची की मुळात घाण कमी निघेल. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये याची बारा तत्त्वं मांडली. कचरा होऊच देऊ नका, घातलेले जास्तीत जास्त अणू मालात उतरू द्या, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) कमी वापरा, शक्य तिथे साध्या तापमानाला आणि साध्या दाबाला काम करा, कॅटालिस्ट (उत्प्रेरक) वापरा, काम संपल्यावर विघटन होईल असे पदार्थ बनवा, स्फोटाची आणि गळतीची शक्यताच कमी ठेवा, अशा स्वरूपाची ती आहेत. परीक्षेला बारा पाठ करावी लागतात. कारखान्यात पहिलं नीट पाळलं तर निम्मी बाकीची आपोआप पाळली जातात.

आणि पर्यावरणीय जैवतंत्रज्ञान?

जीवाणू, बुरशी, शैवाल किंवा त्यांची एन्झाइमं वापरून पाणी, माती, हवा आणि कचरा यांच्यावर प्रक्रिया करणं. सांडपाण्याचा एसटीपी, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, तेलाने माखलेल्या मातीचं शुद्धीकरण, हे सगळं त्यात येतं. पहिलं शास्त्र घाण होण्याआधीचं, दुसरं बहुतांशी नंतरचं. एन्झाइमांपाशी मात्र दोन्ही एकत्र येतात, ते पुढे सांगतो.

कंपनीला ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी साफ करणारा प्लांट) असतोच. मग वेगळ्या 'ग्रीन' संशोधनाची गरज काय?

ईटीपीत गेलेली घाण नाहीशी होते ही समजूत आधी सोडावी लागेल. पाण्यातून काढलेली घाण गाळ बनते, मीठ बनते, वाफ बनते. गाळ फिल्टर प्रेसमधून काढून धोकादायक कचऱ्याच्या जागी पाठवावा लागतो. खारट पाणी इव्हॅपोरेटरमध्ये आटवायला वाफ लागते, वाफेसाठी बॉयलर, बॉयलरला इंधन. एका बाजूचा प्रश्न दुसऱ्या बाजूला सरकतो आणि दर वेळी त्याचे पैसे पडतात. ईटीपी हवाच, त्याला पर्याय नाही. पण जी कंपनी फक्त ईटीपीचा आकार सांगते आणि रिअॅक्टरमध्ये काय बदललं ते सांगत नाही, तिच्या 'ग्रीन' दाव्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

एखादी पद्धत 'ग्रीन' आहे हे मोजतात कसं? की नुसता हिरवा लोगो?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

दोन आकडे लक्षात ठेवा. पहिला ई-फॅक्टर. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये तो पुढे आणला. एक किलो माल बनवताना किती किलो कचरा निघाला, एवढंच तो विचारतो. तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ च्या आसपास असतो, मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या साध्या रसायनांत १ ते ५, खास रसायनांत ५ ते ५० आणि औषधांत २५ ते १०० किंवा त्याहूनही वर. म्हणजे धुरांडी आणि ज्वाळा दिसतात ती रिफायनरी किलोमागे कमी कचरा करते, आणि एसी लावलेला चकचकीत औषध कारखाना जास्त. अर्थात रिफायनरी लाखो टनांत काम करते, त्यामुळे एकूण भार वेगळाच.

दुसरा आकडा अॅटम इकॉनॉमी, म्हणजे घातलेल्या अणूंपैकी किती टक्के शेवटी मालात उतरले. ही कल्पना बॅरी ट्रॉस्ट यांची, १९९१ ची. यील्ड (अपेक्षित मालापैकी हाती आलेला माल) १०० टक्के आली तरी अॅटम इकॉनॉमी भिकार असू शकते, कारण यील्डच्या हिशोबात बाजूला पडणारे पदार्थ मोजलेच जात नाहीत. विद्यार्थी इथेच हमखास गडबडतात.

उदाहरण आयबुप्रोफेनचं. ताप, दाढदुखी, पाठ धरली की आपण घेतो तीच गोळी. बूट्स कंपनीच्या जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि घातलेल्या अणूंपैकी जेमतेम ४० टक्के गोळीत उतरत. बाकी ६० टक्के कचरा. नंतर बीएचसी कंपनीने तीन पायऱ्यांची पद्धत काढली. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये तिचा कारखाना सुरू झाला आणि आकडा ७७ टक्क्यांवर गेला. त्यात निघणारं अॅसिटिक अॅसिड परत मिळवून वापरलं तर ९९ च्या घरात. १९९७ मध्ये या पद्धतीला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा हरित रसायन पुरस्कार मिळाला.

आता वर्गात सहसा न सांगितली जाणारी बाब. या नव्या पद्धतीत पहिल्या पायरीला हायड्रोजन फ्लोराइड लागतं. कॅटालिस्टही तेच आणि सॉल्व्हंटही तेच. ते पुन्हा पुन्हा फिरवून वापरतात म्हणून कचरा होत नाही, पण माणसाच्या कातडीवर पडलं तर हाडापर्यंत जाणारा तो पदार्थ आहे. म्हणजे कचऱ्याच्या हिशोबात पहिला नंबर आणि धोक्याच्या हिशोबात अवघड जागेचं दुखणं. हिरवं आणि काळं असे दोन डबे करून पद्धती त्यांत टाकता येत नाहीत. एका पद्धतीची दुसरीशी, ठरावीक आकड्यांवर तुलनाच करावी लागते.

हे शास्त्रज्ञ रोज नेमकं करतात काय?

सिनेमातल्यासारखा रंगीत धूर नसतो. माझ्या क्षेत्रातला मोठा वेळ सॉल्व्हंटमध्ये जातो. औषधाच्या कचऱ्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा सॉल्व्हंटचा आणि धुण्याच्या पाण्याचा असतो. मूळ अभिक्रियेत निघणारे पदार्थ त्यापुढे किरकोळ. रिअॅक्शन एका सॉल्व्हंटमध्ये, एक्स्ट्रॅक्शन दुसऱ्यात, क्रिस्टलायझेशन तिसऱ्यात, असं झालं की तिन्हींचं मिश्रण मदर लिकरमध्ये, म्हणजे क्रिस्टल गाळल्यावर मागे राहणाऱ्या द्रावणात, उरतं. ते वेगळं करायला डिस्टिलेशनचा उंच कॉलम हवा, आणि उत्कलनबिंदू जवळजवळ असले की तेही धड वेगळे होत नाहीत. म्हणून पहिला प्रयत्न असतो तो तिन्ही पायऱ्या एकाच सॉल्व्हंटमध्ये बसवण्याचा. ऐकायला साधं वाटतं. यात सहा महिने सहज जातात.

दुसरं काम बदलीचं. डायक्लोरोमिथेन हे वर्षानुवर्षं सगळ्यांचं लाडकं सॉल्व्हंट. जवळजवळ सगळं विरघळवतं, चाळीस अंशांवर उडून जातं, आग धरत नाही. पण त्याची वाफ कामगाराच्या मेंदूवर आणि यकृतावर परिणाम करते. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. त्याच्या जागी इथिल अॅसिटेट किंवा शेतमालाच्या अवशेषांपासून बनणारं टू-मिथाइल टीएचएफ चालतं का, हे एकेका रिअॅक्शनसाठी करून बघावं लागतं. कधी चालतं. कधी क्रिस्टलचा आकारच बदलतो, सेंट्रिफ्यूजमध्ये माल चिकटून बसतो आणि शॉप फ्लोअरवरून शिफ्ट इन्चार्जचा फोन येतो.

कॅटालिस्टचं एवढं कौतुक का?

कारण जुन्या पद्धतीत मदतनीस पदार्थच मालाच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त लागतो. अॅल्युमिनियम क्लोराइड घ्या. सुगंधी द्रव्यांपासून औषधांपर्यंत असंख्य ठिकाणी ते वापरलं जातं. नावाला कॅटालिस्ट, पण अॅसायलेशनसारख्या अभिक्रियेत तयार झालेल्या मालालाच चिकटून बसतं. त्यामुळे ते मालाच्या बरोबरीने घालावं लागतं आणि शेवटी पाण्यात मोडून फेकावं लागतं. हाती उरतं आम्लयुक्त, अॅल्युमिनियमने भरलेलं सांडपाणी. त्याऐवजी घन आम्ल, म्हणजे झिओलाइट किंवा सल्फेट लावलेला झिर्कोनिया वापरला तर तो गाळून काढता येतो आणि पुन्हा घालता येतो.

या विषयात महाराष्ट्राचं मोठं नाव म्हणजे प्रा. गणपती यादव. मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकले आणि तीच संस्था आयसीटी झाल्यावर तिचे कुलगुरू झाले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घन आम्ल कॅटालिस्टवरचं त्यांचं काम या विषयात शिरणाऱ्या विद्यार्थ्याने वाचायलाच हवं.

एन्झाइम खरंच मोठ्या कारखान्यात चालतात, की फक्त साबणाच्या जाहिरातीत?

दोन्हीकडे चालतात. मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन आधी उच्च दाबाचा हायड्रोजन आणि रोडियम धातू वापरून बनवत. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी एक ट्रान्सअमिनेज एन्झाइम टप्प्याटप्प्याने बदलत नेलं आणि तेच काम साध्या भांड्यात, साध्या दाबाला करून दाखवलं. यील्ड १० ते १३ टक्क्यांनी वाढली, एकूण कचरा १९ टक्क्यांनी घटला, जड धातू पूर्ण गेला. २०१० मध्ये त्यालाही तोच अमेरिकी पुरस्कार मिळाला. एन्झाइमात मुद्दाम बदल घडवायचे, त्यातलं चांगलं निवडायचं, पुन्हा बदल घडवायचे, या रीतीसाठी फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर कापड बघा. भिवंडीसारख्या गावात विणलं जाणारं सुती कापड रंगायला जाण्याआधी सुतावरची खळ काढावी लागते. ती अमायलेज एन्झाइमने निघते. ब्लीचिंगनंतर उरलेला हायड्रोजन पेरॉक्साइड कॅटालेजने मोडला की कापड पुन्हा पुन्हा धुवावं लागत नाही. जीन्सचा विटका रंग पूर्वी प्युमिस दगडांत घुसळून आणत, आता सेल्युलेजनेही येतो.

जीवाणू सांडपाणी साफ करतात म्हणजे काय करतात?

खातात. पाण्यातले सेंद्रिय पदार्थ त्यांचं अन्न. काही जळून कार्बन डायऑक्साइड होतं, काहींपासून नवे जीवाणू बनतात. आपण फक्त ब्लोअरने हवा पुरवायची आणि शेवटी जीवाणूंचा गठ्ठा खाली बसवून वरचं स्वच्छ पाणी काढायचं. या अॅक्टिव्हेटेड स्लज पद्धतीचा शोध १९१४ मध्ये मँचेस्टरला लागला. आजही जगातली मोठमोठी शहरं याच तत्त्वावर चालतात.

ईटीपीच्या ऑपरेटरला सकाळी गाठा, तो काय बघतो ते पाहण्यासारखं असतं. एअरेशन टँकमधला नमुना एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरतो आणि अर्धा तास हात न लावता ठेवतो. गाळ चॉकलेटी रंगाचा, दाणेदार, साधारण तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नीट बसला आणि वरचं पाणी नितळ राहिलं की त्याचा दिवस बरा जाणार. गाळ फुगून वरपर्यंत राहिला तर तंतूसारखे जीवाणू माजलेत. वरचं पाणी गढूळ असेल तर कुठून तरी विषारी बॅच आत आली. मायक्रोस्कोप असेल तर व्हॉर्टिसेला नावाचे देठावरचे घंटेसारखे जीव दिसतात. ते मजेत वळवळत असले की टाकी ठणठणीत. विषारी पाणी आलं की आधी तेच मरतात, सीओडीचा (पाण्यातली घाण रसायनाने मोजायची चाचणी) रिपोर्ट यायच्या कितीतरी आधी. वासही सांगतो: निरोगी टाकीला ओल्या मातीचा वास येतो.

कारखान्याच्या पाण्यात कार्बन भरपूर असतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस नसतो. म्हणून युरिया आणि डीएपी घालतात. बीओडी (घाण पचवायला जीवाणूंना लागणारा प्राणवायू) १००, नायट्रोजन ५, फॉस्फरस १ असं ढोबळ प्रमाण. नवा प्लांट सुरू करताना दुसऱ्या चालू प्लांटमधला गाळ टँकरने आणून विरजणासारखा घालतात. तो मिळाला नाही तर शेण आणि गूळ. हे ऐकून कॉलेजची पोरं हसतात, पण यात हसण्यासारखं काही नाही, जीवाणूंना खायला लागतं.

नवी मुंबईच्या सांडपाण्याचं काय होतं?

महापालिकेचे प्लांट सी-टेक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एसबीआर पद्धतीवर चालतात. पाणी भरणं, हवा देणं, गाळ बसू देणं आणि वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत पाळीपाळीने होतं. त्यामुळे जागा कमी लागते. कोपरखैरणे आणि ऐरोलीत त्यापुढचे टर्शिअरी (तिसऱ्या टप्प्याच्या शुद्धीकरणाचे) प्लांट आहेत, तिथलं पाणी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या उद्योगांना देता येतं. कूलिंग टॉवरला मोरबे धरणाचं पिण्याचं पाणी कशाला लागतं? या शहरातली माझ्या मते ही सगळ्यात शहाणपणाची सोय आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. उद्योगांच्या सांडपाण्यासाठी पावण्याला सामाईक सीईटीपी आहे, तो वेगळा.

तळोज्याची निळी कुत्री खरी होती का?

होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत निळी पडलेली भटकी कुत्री दिसली, फोटो जगभर गेले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने संबंधित कारखाना बंद केला. रंग पाण्याने निघण्यासारखा होता हे कुत्र्यांचं नशीब.

रंगांचा प्रश्न एरवीही अवघडच. कपड्यावरचा रंग उन्हाने आणि धुण्याने जाऊ नये अशा बेताने तो बनवलेला असतो, मग ईटीपीतले जीवाणू तो सहज कसे मोडतील? अझो रंगांसाठी संशोधक दोन टप्पे वापरतात. आधी हवेविना वाढणारे जीवाणू रंगाचा मधला बंध तोडतात. त्यातून अॅरोमॅटिक अमाइन निघतात, जे स्वतः घातक असतात. मग हवेवर वाढणारे जीवाणू त्यांना संपवतात. पहिल्या टप्प्यावर थांबलं तर पाणी बिनरंगी दिसतं आणि जास्त विषारी असतं. नुसता डोळ्याने न्याय करू नये तो यासाठी. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशीचं लॅकेज एन्झाइम हा दुसरा रस्ता, त्यावर आपल्याकडच्या कॉलेजांतही छोटे प्रकल्प होतात.

खाडीत तेल सांडलं तर तेल खाणारे जीवाणू सोडता येतील?

७ ऑगस्ट २०१० ला एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी धडकली, तेव्हा हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी होता. तेल आपल्या बाजूच्या तिवरांपर्यंत आलं होतं. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात. त्यांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं.

तेल खाणाऱ्या जीवाणूंची गोष्ट भारतीयाशी जोडलेली आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेलाचे अनेक घटक पचवणारा स्यूडोमोनास तयार केला आणि त्याच्या पेटंटचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकला. सजीवावर पेटंट मिळू शकतं हे त्या निकालाने ठरलं. आपल्याकडे टेरी संस्थेने निसर्गातल्याच जीवाणूंचं मिश्रण करून 'ऑइलझॅपर' बनवलं. तेलविहिरींजवळच्या माखलेल्या मातीवर ते वापरलं जातं.

पण खाडीत जीवाणूंचा तुटवडा नसतोच. तेल पचवणारे तिथे आधीपासून असतात. त्यांना कमी पडतो तो नायट्रोजन, फॉस्फरस आणि प्राणवायू. अलास्कात १९८९ च्या एक्सॉन व्हाल्डीझ गळतीनंतर किनाऱ्यावर खत फवारलं होतं ते म्हणूनच. तिवरांच्या चिखलात काही मिलिमीटर खाली प्राणवायू संपतो, त्यामुळे तिथे वरून काहीही ओतलं तरी काम मंदच चालतं. आणि ठाणे खाडी काही प्रयोगाची टाकी नव्हे. २०१५ पासून ते फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. जनुकं बदललेला जीवाणू सोडायचा तर १९८९ च्या नियमांखाली केंद्राच्या समितीची परवानगी लागते, ती असावीच.

प्लास्टिक खाणारे जीवाणू तुर्भ्याच्या डम्पिंगवर सोडले तर?

काही होणार नाही. जपानमध्ये २०१६ मध्ये सापडलेला इडिओनेला साकाइएन्सिस फक्त पीईटी खातो, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक. तेही पातळ, मऊ फिल्म असेल तर, आणि तीस अंशांना सहा आठवडे घेऊन. २०२० मध्ये फ्रेंच संशोधकांनी सुधारलेल्या एन्झाइमने दहा तासांत ९० टक्के पीईटी मोडून दाखवलं, पण बाटल्यांवर आधी प्रक्रिया करून, दळून, ७२ अंशांच्या रिअॅक्टरमध्ये. हा रीसायकलिंगचा कारखाना झाला, डम्पिंगवरचा फवारा नव्हे. कॅरी बॅगच्या पॉलिथिनची साखळी नुसत्या कार्बन-कार्बन बंधांची. तिथे एन्झाइमला तोडायला सोपी जागाच नाही. पिशव्या खाणाऱ्या अळीच्या व्हायरल बातम्या मला दर वर्षी कोणीतरी फॉरवर्ड करतं.

मक्याच्या पिशव्या?

त्या बनतात ते पीएलएसारखं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपासच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये विरतं. नाल्यात, खाडीत, कुंडीत ते महिनोन्‌महिने तसंच राहतं. ओल्या कचऱ्यासोबत योग्य ठिकाणी जाणार असेल तर चांगलं, नाहीतर कापडी पिशवी घ्या.

घरी केलेलं बायोएन्झाइम ग्रीन केमिस्ट्रीत बसतं का?

एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी, तीन महिने. ठाण्यातल्या अर्ध्या सोसायट्यांत कुणाच्या ना कुणाच्या बाल्कनीत ही बरणी असते. त्यात मुख्यतः अॅसिटिक आणि लॅक्टिक अॅसिड तयार होतं, थोडा अल्कोहोल, थोडा सालींचा सुगंध. एन्झाइमचा वाटा नगण्य. टाइल्स, सिंक, नळावरचे क्षारांचे डाग यांना उत्तम. मार्बल आणि शहाबादी फरशीला मात्र लावू नका, दोन्ही चुनखडीच्या जातीची, आम्लाने चरतात. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो.

हेच द्रावण मासुंद्यात किंवा उपवन तलावात ओतून तलाव 'शुद्ध' करण्याचे कार्यक्रम होतात, ते मला अजिबात पटत नाहीत. गुळाचं आंबवण तलावात ओतणं म्हणजे बीओडी वाढवणं. तलावातल्या जीवाणूंचं पोट भरतं आणि माशांचा प्राणवायू जातो.

गणपतीच्या पीओपी मूर्तीचं काही करता येतं?

येतं, आणि हे या सबंध विषयातलं माझं लाडकं उदाहरण आहे. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट, पाण्यात फार कमी विरघळणारं. तलावाच्या तळाशी प्राणवायू नसतो. तिथले जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. पुण्याच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सुचवलेला उपाय: बादलीत अमोनियम बायकार्बोनेटचं द्रावण, मूर्तीच्या वजनाइतकी पूड, मूर्ती बुडवून ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. एक-दोन दिवसांत लहान मूर्ती विरते. खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं, वर अमोनियम सल्फेटचं द्रावण राहतं, ते पातळ करून झाडांना खत. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात तीच ही पूड. खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा, अमोनियाचा वास येतो. गडद ऑइलपेंटचा रंग मात्र यात विरघळत नाही, त्यातले जड धातू राहतातच. शाडूची मूर्ती आणि साधे रंग असतील तर ही सगळी खटपटच वाचते.

सोसायटीच्या ओल्या कचऱ्याला कंपोस्ट बरं की बायोगॅस?

जागा आणि माणूस कोण बघणार यावर ठरतं. बायोगॅसमध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातले डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं 'निसर्गऋण' हे आपल्या मराठी माणसाचं काम. त्यात आधी हवेतल्या टाकीत कचरा गरम आणि मऊ करतात, मग हवाबंद टाकीत मिथेन. नारळाच्या करवंट्या, हाडं आणि प्लास्टिक आत गेलं की प्लांट बसतो. बंद पडलेल्या प्लांटांची चौकशी करा, बहुतेक वेळा तंत्र चांगलं आणि वर्गीकरण वाईट असं निघेल.

डोंबिवलीसारखे स्फोट यात येतात का?

येतात. २३ मे २०२४ चा डोंबिवली एमआयडीसीतला स्फोट अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. अपघात टाळणारं रसायन निवडा, हे बारा तत्त्वांतलं शेवटचं. भोपाळमध्ये कार्बारिल हे कीटकनाशक बनवताना मिथाइल आयसोसायनेट टनावारी साठवलेलं होतं. तेच कीटकनाशक त्याच कच्च्या मालापासून, फक्त पायऱ्यांचा क्रम बदलून बनवता येतं आणि त्या वाटेत मिथाइल आयसोसायनेट तयारच होत नाही. फॉस्जीन मात्र त्याही वाटेत लागतं, म्हणजे धोका शून्य झाला असं नाही. पण साठवलेलं नसतं तर गळालंही नसतं.

एवढं सगळं माहीत असून कंपन्या करत का नाहीत?

करतात, जिथे पैसे वाचतात तिथे लगेच. अडतं कुठे ते सांगतो. जुना प्लांट फिटलेला असतो, नव्याला भांडवल लागतं. औषधात पद्धत बदलली की ज्या-ज्या देशात माल जातो तिथे कागदपत्रं पुन्हा द्यावी लागतात, स्थिरतेच्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतात; दोन-तीन वर्षं यात जातात. लहान युनिटकडे संशोधनाला माणूसच नसतो. मालकच केमिस्ट, मालकच परचेस. त्यांच्यासाठी सर्वांत परवडणारी सुरुवात म्हणजे सॉल्व्हंट रिकव्हरी. त्याचा खर्च साधारण लवकर भरून निघतो आणि कोणाची परवानगी बदलावी लागत नाही असं वाटतं खरं, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीपत्रात) डिस्टिलेशनचा उल्लेख आहे का ते आधी बघा.

मुलगी बारावीला आहे. या क्षेत्रात यायचं तर काय शिकावं?

रसायनशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा केमिकल इंजिनिअरिंग, चारही वाटा इथेच येतात. आयसीटी माटुंग्याला आहे, आयआयटी पवईला, भाभा अणुसंशोधन केंद्र खाडीपलीकडे, एनसीएल पुण्याला, पर्यावरण संशोधनाची नीरी नागपूरला. पदव्युत्तर बायोटेकसाठी गॅट-बी, संशोधनवृत्तीसाठी सीएसआयआर-नेट, इंजिनिअरिंगवाल्यांना गेट. नुसती बायोटेकची पदवी आणि प्रयोगशाळेची सवय नाही, असे उमेदवार मुलाखतीत खूप येतात. सुट्टीत एखाद्या ईटीपीच्या लॅबमध्ये महिनाभर सीओडी करू दे. हात बसतो आणि आवड आहे की नाही तेही कळतं.

रात्री वास येतो, सकाळी तक्रार केली तर कोणी मान्य करत नाही. काय करायचं?

वास रात्रीच जास्त का येतो त्याला कारण आहे. दिवसा वारा खाडीकडून पारसिकच्या डोंगराकडे वाहतो, रात्री उलट. मधे एमआयडीसी, पश्चिमेला वाशी-कोपरखैरण्याच्या वसाहती. त्यात हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही आणि वायू तिथेच साचतो. हायड्रोजन सल्फाइड आपल्या नाकाला अब्जात काही भाग इतकं कमी असलं तरी कळतं, त्यामुळे वास आला म्हणजे लगेच विषबाधेची पातळी झाली असं नाही. पण काहीतरी सुटतंय हे नक्की.

तक्रारीत 'उग्र वास येतो' एवढंच लिहिलं तर अधिकाऱ्याला काही करता येत नाही. तारीख, वेळ, किती मिनिटं, वारा कुठून, वास कशासारखा (सडकी अंडी, कुजका कोबी, नेलपॉलिश, बदामाचं अत्तर), डोळे चुरचुरले का, एवढं लिहा. सडकी अंडी म्हणजे बहुधा सल्फाइड, कुजका कोबी म्हणजे मरकॅप्टन, नेलपॉलिश म्हणजे अॅसिटोन किंवा इथिल अॅसिटेट, बदाम म्हणजे बेन्झाल्डिहाइड किंवा नायट्रोबेन्झिन. यावरून कोणत्या प्रकारचं युनिट असेल ते जाणकाराला लगेच कळतं. एकाच इमारतीतून पाच तक्रारी जाण्यापेक्षा वेगवेगळ्या सेक्टरमधल्या तीन घरांनी त्याच रात्रीच्या नोंदी प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकत्र पाठवाव्यात, म्हणजे नकाशावर दिशा काढता येते. आणि वास चालू असतानाच फोन करा. नमुना घ्यायला माणूस सकाळी आला तर घ्यायला काही उरलेलं नसतं.